तेरचे थापटणे आणि कारखान्यातील उस्ताद

तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावाचे नाव निघाले, की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक गोरोबाकाकांची आणि दुसरी रोमन व्यापाराची. शाळेची सहल घेऊन आम्ही तेथे गेलो, तेव्हा मुलांना या दोन्ही गोष्टी सांगितल्या. लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय दाखवले. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या सगळे पाहून झाले. तेथील हस्तिदंती बाहुलीसारखीच एक बाहुली १९३८ साली इटलीतील पाँपेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली आणि ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते, हेही सांगितले. परतताना बसमध्ये एका मुलाने विचारले, "इथून कापड जायचे म्हणता, मग ते कापड करणारे लोक कुठे गेले? त्यांचे काहीच दिसले नाही."

प्रश्न रास्त होता. कापड कुजते. त्यावर काढलेली वेलबुट्टी कुजते आणि ती काढणाऱ्याचे नाव तर त्याआधीच विसरले जाते. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात 'तगर' या शहराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर असून तेथून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जातो, असे त्यात म्हटले आहे. हे तगर म्हणजे आपले तेर, हे १९०१ साली फ्लीट यांनी दाखवून दिले. येथील उत्खननात सापडलेल्या हौदांना काही अभ्यासकांनी रंगाऱ्यांचे हौद मानले आहे. म्हणजे या मातीत कापड रंगवणारे हात होते. प्रश्न एवढाच उरतो, की त्या हातांना कामाला कोण लावत होते आणि कसे?

प्रश्न वाटतो तेवढा जुना नाही. ज्याने चार माणसे हाताशी घेऊन कापडावर कशिदा, जरदोजी किंवा छपाई करून देण्याचा धंदा टाकला आहे, त्याला तो रोज सकाळी पडतो. गिऱ्हाईक आपल्या पसंतीचे काम सांगते, मुदत देते; सुई मात्र मालकाच्या हातात नसते, ती कारागिराच्या हातात असते. कारागिराचे मन कामात नसेल तर टाका सैल पडतो, आणि तो सैल टाका पहिल्या धुण्यातच उघडा पडतो.

यावर इतिहासाने दिलेले एक उत्तर म्हणजे कोरडा. मुहंमद तुघलकाच्या कारखान्यात खिलअतीचे कापड विणणारे चारशे रेशीम-कारागीर आणि जरतारीचे काम करणारे पाचशे होते, असे अल-उमरी या अरब लेखकाने नोंदवले आहे. पुढे औरंगजेबाच्या काळात आलेला फ्रेंच वैद्य बर्निए मोगली कारखान्यांचे वर्णन करतो. एका दालनात कशिदा काढणारे बसलेले आहेत आणि त्यांच्यावर एक उस्ताद नजर ठेवून आहे. माणसे सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात, आणि आपली स्थिती सुधारावी अशी उमेद कुणाच्याच मनात नसते. बाजारातल्या कारागिराची अवस्था त्याहून वाईट. अमीर मनाला येईल ती किंमत देणार आणि तक्रार केली तर देवडीवर कोरडा टांगलेलाच आहे. बर्निएने हे सारे फ्रान्सला लिहिलेल्या पत्रांतून मांडले आहे. आपल्या मुद्द्यासाठी त्याने रंग थोडा गडद केला असणार, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याने उशिरा मिळणाऱ्या मजुरीसाठी मालकाच्या दारात खेटे घातले आहेत, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी चुकती करा, ही हदीस आपल्या सर्वांना पाठ आहे. आपल्यातल्या कारखानदारांनाही ती पाठ आहे!

दुसरे उत्तर श्रेणीचे. नाशिकच्या पांडवलेण्यातील शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याची नोंद आहे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची सोय व्हायची. राजाच्या जावयाने कष्टकऱ्यांच्या संघटनेवर एवढा विश्वास टाकला, याचा अर्थ त्या संघटनेला पत होती. आणि जेथे पत सगळ्यांची मिळून असते, तेथे कारागीर चांगले काम करतो ते मार चुकवण्यासाठी नव्हे. एकाचा टाका सैल पडला तर नाव सगळ्यांचे जाते, हे त्याला ठाऊक असते.

तिसरे उत्तर आमच्या अधिक जवळचे आहे. कापडावर ठसे मारणाऱ्यांना फारसीत चीटसाज म्हणत. आपल्या मराठीतल्या चिटाच्या कापडाचा 'चीट' तो हाच. या चीटसाजांचा एक फुतुव्वतनामा आहे. फुतुव्वत म्हणजे दिलदारी, मर्दुमकी, धंद्यातला सचोटीचा आचार. त्यात उस्ताद-शागिर्दाच्या सवाल-जबाबांतून धंद्याचा उगम इमाम जाफर सादिक यांच्यापर्यंत नेलेला आहे आणि काम करताना कोणती आयत म्हणायची तेही सांगितले आहे. आपल्याकडचे दर्जी हजरत इद्रीस यांना आपला पहिला उस्ताद मानतात, त्यातलाच हा प्रकार. इतिहासाच्या काटेकोर कसोटीवर ही वंशावळ टिकणार नाही; ती टिकावी म्हणून कुणी लिहिलीही नसेल. पण शाईने हात काळे झालेल्या पोराला 'तू एका पैगंबराचे किंवा इमामाचे काम करतो आहेस' असे सांगणारा उस्ताद त्याला दिवसाच्या रोजापेक्षा काहीतरी जास्त देत होता.

आता पुन्हा तेरकडे. कथा सर्वांना ठाऊक आहे. गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला. मुक्ताबाईंनी थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. काकांनी सांगितले, याने मडकी पारखतात. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर ते मारून पाहिले. सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे. आख्यायिका पुढे सांगते, की दुखावलेले नामदेव पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाने त्यांना औंढा नागनाथच्या विसोबा खेचरांकडे पाठवले. तेथे त्यांना गुरू भेटला.

नामदेव जातीने शिंपी. राजस्थानातील कापड छापणारे छिपे त्यांना आपला संत मानतात. छिप्यांमध्ये हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत. म्हणजे कच्चे ठरलेले ते मडके कापडाच्या धंद्यातले होते. वर्गात आम्ही ही कथा नेहमी नम्रतेचा पाठ म्हणून शिकवत आलो. अलीकडे मात्र आमचे लक्ष दुसरीकडेच जाते. निकाल खरा असेल. पण तो भरल्या सभेत दिला गेला. कुंभार मडके थापटतो तेव्हा त्याचा एक हात आतून आधार देत असतो. नामदेवांना तो आतला हात तेरला मिळाला नाही, औंढ्याला मिळाला.

आमचे लक्ष तिकडे जाण्याचे कारण सांगतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी नववीनंतर शाळा सोडून एका लहानशा कारखान्यात आरीचे काम करू लागली. सात-आठ मुली, दोन अड्डे, एक भरतकामाचे यंत्र. लग्नसराईचे ब्लाऊज, खेळाच्या संघांचे सदरे, गणवेशावरची नावे असे काम. एकदा तिच्या हातून खाका उलटा छापला गेला आणि नवरीचे नाव चुकले. मालकाने गिऱ्हाइकासमोर तो ब्लाऊज तिच्या अंगावर फेकला. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही, आणि तिच्यामागे आणखी दोघी गेल्या नाहीत. ऐन हंगामात अड्डे रिकामे पडले, तेव्हा मालक आमच्याकडे आला. तुमचे ऐकते, समजावून सांगा म्हणाला.

आम्ही गेलो. ती म्हणाली, "चूक माझीच होती. पण आतल्या खोलीत बोलावून सांगितले असते, तर रात्रभर बसून उसवून दिले असते." मग थोडे थांबून, "तुम्हीही मला एकदा वर्गात सगळ्यांसमोर कच्ची म्हणाला होतात."

आम्हांला ते आठवत नव्हते. तिला आठवत होते.

मालकाला आम्ही एवढेच सांगितले, की स्वतः तिच्या घरी जा, आणि जाण्याआधी तिघींची थकलेली दोन महिन्यांची मजुरी घेऊन जा. आधी हिशेब, मग बोलणे. त्याला ते रुचले नाही. चार दिवस त्याने घालवले. पाचव्या दिवशी गेला. तिने एकच अट घातली. चुका पाहायच्या त्या संध्याकाळी, गिऱ्हाईक गेल्यावर, सगळ्यांनी मिळून अड्ड्याभोवती बसून, आणि मालकाच्या चुकाही त्यात धरायच्या. मुदती खोट्या देणे ही त्यातली पहिली.

आता खाका टोचण्याचे काम तिच्याकडे आहे. कागदाला सुईने बारीक भोके पाडून ती पूड फिरवते, आणि कापडावर नाव उमटले की नव्या मुलीकडून ते आधी मोठ्याने वाचून घेते.