आईची गोळी

१९७२ साली आईला रक्तदाबासाठी बारीकशी गोळी सुरू झाली. दाब उतरला, पण चार-पाच महिन्यांत आईच मिटून गेली. तुळशीला पाणी घालताना गुणगुणणारी बाई खिडकीशी नुसती बसून राही. "अगं आई, काही दुखतंय का?" विचारलं, तर "काही नाही गं" एवढंच. बाबांना वाटलं, रुसली आहे. गोळी बदलल्यावर ती हळूहळू बोलती झाली. मी तेव्हा फार्मसी शिकत होते.

त्या गोळीत रेसर्पीन होतं, सर्पगंधेच्या मुळातलं द्रव्य. बिहारकडे हे मूळ 'पागल की दवा' म्हणून विकलं जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचा त्याचा गुण लिहून ठेवला. जगाचे डोळे उघडले ते मात्र मुंबईनं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पीन वेगळं काढलं गेलं आणि लवकरच खिन्नतेच्या तक्रारीही नोंदल्या जाऊ लागल्या.

चेतापेशी आपले संदेशवाहक रेणू इवल्या पिशव्यांत भरून ठेवते. इशारा आला की पिशवी बाहेर रिती होते. सांडलेले बरेचसे रेणू पेशी पुन्हा आत ओढते, पुन्हा भरते. रेसर्पीन पिशवीचं तोंडच बंद करतं. उघड्यावर राहिलेले रेणू पेशीतलं विकर फस्त करतं. मग इशारा येतो, पण सोडायला काही उरलेलं नसतं.

१९५७ मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पीननं निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं. ससे उठले, हिंडू लागले. सेरोटोनिन या संदेशवाहकाचा कच्चा माल देऊन ते उठले नव्हते. डोपामिन हा स्वतःच संदेशवाहक आहे, हे तिथे उमगलं. पार्किन्सनवरच्या औषधाची वाटही तिथूनच निघाली. पुढे वर्गात शिकवताना मी या सशांपाशी नेहमी रेंगाळत असे. त्या प्रयोगानंतर काही वर्षांत ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं की कोकेन आणि खिन्नतेवरचं औषध इमिप्रामिन नेमकी परत ओढण्याची वाटच अडवतात, म्हणून रेणू बाहेरच रेंगाळतात.

हे सारं एकदा आईला सांगितलं. तिनं हातातली भाजी खाली ठेवली.

"म्हणजे मी रुसले नव्हते तर!"

संध्याकाळी बाबा घरी आले, तेव्हा चपला काढायच्या आत तिनं त्यांना तेच सांगितलं.