दबणारी रंगनळी

दबणारी रंगनळी ही सूत रंगवण्यापूर्वी ज्यावर गुंडाळले जाते अशी सच्छिद्र, बहुधा प्लॅस्टिकची नळी होय. रंगाईच्या टाकीसाठी अशा नळ्यांची चळत रचून तिच्यावर वरून दाब दिला असता नळी लांबीच्या दिशेने आखूड होते आणि तिच्यावरचे सूतही तितकेच दाबले जाते. वस्त्रोद्योगात तिला 'डाय ट्यूब' या नावाने ओळखतात. सोलापुरी चादर, चौकड्यांचे शर्टिंग, पट्ट्यांचे टॉवेल यांसारख्या ज्या कापडांत नक्षी विणकामातूनच उमटते, त्यांचे सूत मागावर चढण्याआधी रंगवावे लागते. ही नळी अशा सुताच्या रंगाईतील किरकोळ किमतीची वस्तू असली, तरी रंगाची एकसारखी छटा आणि पाण्याचा खर्च या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणात तिच्या घडणीवर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

सूत रंगवण्याची जुनी पद्धत लडीची आहे. सुताची सैल लडी दांड्यावर टांगून रंगाच्या हौदात बुडवतात आणि ती फिरवत राहतात. लडीत सूत मोकळे असल्यामुळे रंग चांगला मुरतो व सुताचा मऊपणा टिकतो. हातमागासाठी ही पद्धत आजही वापरात आहे. मात्र तिला एक किलो सुतामागे पंधरा-वीस लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. शिवाय रंगवलेली लडी पुन्हा उकलून कांडीवर भरताना गुंता होतो, धागा तुटतो आणि मजुरी वाढते.

गुंडाळी-रंगाईत सूत सच्छिद्र नळीवर दंडगोलाच्या आकारात सैलसर गुंडाळतात. या गुंडाळीला गिरणीत 'चीज' म्हणतात. अशा गुंडाळ्या एका पोकळ, छिद्रे असलेल्या उभ्या दांड्यावर एकावर एक ओवून बंद टाकीत ठेवतात. पंपाच्या साहाय्याने रंगाचे द्रावण दांड्यातून नळीत, नळीच्या छिद्रांतून सुताच्या थरांत आणि तेथून बाहेर असे खेळवले जाते. काही मिनिटांनी प्रवाहाची दिशा उलटी करतात. लडीच्या पद्धतीत सूत द्रावणातून फिरते, येथे सूत स्थिर असून द्रावण फिरते. त्यामुळे या पद्धतीचे सारे यश द्रावण प्रत्येक धाग्यापर्यंत सारख्या प्रमाणात पोहोचण्यावर ठरते.

द्रव नेहमी कमी अडथळ्याची वाट धरतो. गुंडाळी एखाद्या ठिकाणी सैल व दुसरीकडे घट्ट असेल, तर द्रावण सैल भागातून वाहून जाते आणि घट्ट भाग फिका राहतो. न दबणाऱ्या ताठ नळ्यांच्या चळतीत दोन गुंडाळ्यांच्या सांध्याशी हाच धोका असतो. सांध्यात थोडी जरी फट राहिली, तरी द्रावण सुतात न शिरता तेथूनच निसटते. हे टाळण्यासाठी दोन नळ्यांच्या मध्ये चकत्या घालाव्या लागत. त्या चकत्या जागा अडवतात आणि प्रत्येक खेपेला त्या बसवण्याचे व काढण्याचे कामही वाढते.

दाबण्याचा परिणाम

दबणाऱ्या नळ्यांची चळत वरून दाबली की एका गुंडाळीचे सूत दुसऱ्या गुंडाळीच्या सुताला थेट भिडते. सांधे नाहीसे होऊन पूर्ण चळत जणू एकच लांब गुंडाळी बनते. चोरवाट उरत नसल्याने द्रावणाला सुताच्या थरांतूनच जावे लागते. गुंडाळण्याच्या यंत्रांतील बारीकसारीक फरकांमुळे वेगवेगळ्या गुंडाळ्यांच्या घनतेत जी तफावत असते, तीही काही प्रमाणात भरून निघते. कारण सैल गुंडाळी जास्त दबते आणि घट्ट गुंडाळी कमी.

याचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नळीची लांबी १७० मिलिमीटर आणि दबण्याचे प्रमाण १५ टक्के धरले, तर दाबानंतर लांबी १४४.५ मिलिमीटर होते. १२ नळ्यांच्या ताठ चळतीला चकत्या न धरताही २,०४० मिलिमीटर उंची लागते. तेवढ्याच उंचीत दाबलेल्या १४ नळ्या (२,०२३ मिलिमीटर) मावतात. टाकी तीच, द्रावणही जवळजवळ तेवढेच, पण सूत मात्र एक षष्ठांशाने जास्त रंगते. एक किलो सुताला आठ लिटर द्रावण लागत असेल, तर ते प्रमाण सुमारे ६.९ लिटरवर येते. सुती धाग्याच्या रंगाईत विरंजन, रंग, उदासीनीकरण, साबणधुणे, खळबळणे अशा क्रियांसाठी टाकी अनेकदा भरावी व रिकामी करावी लागते. ती आठ वेळा भरली असे मानले, तर किलोमागे ६४ लिटरऐवजी सुमारे ५५ लिटर पाणी लागेल. रोज एक टन सूत रंगवणाऱ्या कारखान्यात ही बचत दिवसाला नऊ हजार लिटरपर्यंत जाते.

मिठाचाही असाच हिशेब आहे. सुती धाग्यासाठी आज मुख्यतः प्रतिक्रियाशील रंग वापरतात. ते १९५६ साली प्रथम बाजारात आले. हे रंग धाग्याकडे ओढले जावेत म्हणून द्रावणात मीठ घालतात आणि त्याचे माप सुताच्या वजनावर न ठरता द्रावणाच्या लिटरवर ठरते. लिटरला ६० ग्रॅम मीठ धरल्यास आठ लिटर द्रावणात ४८० ग्रॅम, तर ६.९ लिटरमध्ये सुमारे ४१० ग्रॅम मीठ जाते. हे मीठ धाग्यात राहत नाही. सगळेच्या सगळे सांडपाण्यात उतरते आणि साध्या शुद्धीकरणाने वेगळे होत नाही. म्हणून ते मुळात कमी वापरणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

दाबालाही मर्यादा आहे. घनसेंटिमीटरला ०.३६ ग्रॅम घनतेची गुंडाळी लांबीत १५ टक्के दाबली की घनता सुमारे ०.४२ होते. म्हणून दाबायची गुंडाळी मुळातच अधिक सैल भरावी लागते. हे न पाळता घट्ट भरलेली गुंडाळी दाबली, तर पंपावर ताण येतो आणि आतले-बाहेरचे थर वेगवेगळ्या छटांचे निघतात.

रचना

नळीकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. सूत गुंडाळताना ती कठीण हवी, टाकीत दबताना मऊ हवी. गुंडाळीत हजारो वेढे पडतात. प्रत्येक वेढ्याचा ताण थोडा असला तरी सगळ्यांचा मिळून नळीवर आतल्या बाजूला मोठा दाब येतो. त्या दाबाने नळी चेपली तर ती दांड्यावर बसणारच नाही. शिवाय गुंडाळणी यंत्राचे पंजे नळीला दोन्ही टोकांनी धरून वेगाने फिरवतात. त्या पकडीने नळी दबता कामा नये. पण तीच नळी रंगाईच्या वेळी दाबयंत्राखाली मात्र सहज व सारखी आखूड झाली पाहिजे.

यावर रूढ झालेला तोडगा कड्यांचा आहे. नळीचे अंग एकावर एक ठेवलेल्या ताठ कड्यांचे असते आणि त्या कड्या बारीक, लवचीक कांबींनी जोडलेल्या असतात. आतल्या बाजूचा दाब कड्या पेलतात, लांबीतली लवचीकता कांबी देतात. दोन्ही टोकांच्या कड्या रुंद व मजबूत ठेवतात, कारण यंत्राचे पंजे तेथेच धरतात. एका नळीचे टोक दुसरीच्या टोकात थोडेसे बसेल असा त्यांचा आकार असतो. त्यामुळे चळत सरळ राहते.

कांबींची घडण हा या रचनेतला सर्वांत नाजूक भाग आहे. कांब उभी सरळ ठेवली, तर दाब आल्यावर ती कुठल्या बाजूला वाकेल याचा नेम नसतो. बाहेर वाकली तर सुतात घुसते, आत वाकली तर द्रावणाची वाट अरुंद करते. म्हणून कांबी तिरप्या किंवा नागमोडी ठेवून त्यांना कड्यांच्या परिघाच्या दिशेनेच झुकायला भाग पाडतात. तथापि सगळ्या कांबी एकाच बाजूला तिरप्या असतील, तर दाबताना प्रत्येक कडी खालच्या कडीच्या तुलनेत थोडी फिरते. ही फिरकी कडीगणिक साठत जाते आणि सुताचे आतले थर पिळले जातात. यावर उपाय म्हणजे एका ओळीतील कांबी उजवीकडे आणि पुढच्या ओळीतील डावीकडे झुकवणे. त्यामुळे एकीची फिरकी दुसरी पुसून टाकते. काही नळ्यांत याखेरीज बारीक आधारपट्ट्याही असतात. गुंडाळताना त्या नळीला ताठ ठेवतात आणि पहिल्याच दाबात तुटतात. अशी नळी अर्थातच एकदाच वापरता येते.

दुसरी अडचण चिमट्याची. नळी दबली की कड्यांमधल्या फटी मिटतात आणि तिथे शिरलेला धागा चिमटला जातो. हा दोष टाकीत दिसत नाही. रंगलेले सूत पुन्हा कोनावर भरताना शेवटच्या थरांत धागा तुटू लागतो तेव्हा कळतो. कड्यांच्या कडा गोलाकार करणे, फटींवरून उभ्या बारीक धारा नेऊन धागा वर उचलून धरणे, कड्या पूर्णपणे भिडू नयेत म्हणून मध्ये अडसर ठेवणे किंवा नळीवर न विणलेल्या कापडाचे पातळ आवरण चढवणे, असे उपाय योजतात. अडसराचा आणखी एक उपयोग असा, की चळतीतील खालची-वरची प्रत्येक नळी ठरल्याहून अधिक दबत नाही.

छिद्रांचे क्षेत्रफळ जितके जास्त तितका प्रवाह मोकळा, पण नळी तितकी दुबळी. नळीचा बाहेरचा व्यास ५४ आणि गुंडाळीचा १६२ मिलिमीटर असेल, तर नळीलगत द्रावणाचा वेग सर्वांत बाहेरच्या थरातील वेगाच्या तिप्पट असतो. छिद्रे मोजकी असली तर त्यांच्या तोंडाशी हा वेग आणखी वाढून धागे सरकतात. प्रत्यक्षात रचनाकाराला साच्याचाही विचार करावा लागतो. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबाने भरून नळी बनवतात. कागदावर उत्तम दिसणारी कांब साच्यातून अडकल्याशिवाय सुटत नसेल, तर ती रचना सोडून द्यावी लागते.

साहित्य आणि सुताचा प्रकार

नळ्यांसाठी मुख्यतः पॉलिप्रॉपिलीन वापरतात. ते आम्ल-अल्कलीत टिकते, पाणी शोषत नाही, स्वस्त आहे आणि सुमारे १६० अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही. पॉलिएस्टरची रंगाई १३० अंशांवर दाबाखाली चालते. तेवढ्या तापमानाला हे प्लॅस्टिक मऊ पडत असले तरी योग्य घडणीची नळी आकार राखते. याआधीपासून वापरात असलेला प्रकार पोलादी स्प्रिंगचा. तिचे आयुष्य मोठे, परंतु किंमत जास्त आणि गंजरोधक पोलादाखेरीज चालत नाही.

पॉलिएस्टरच्या टेक्श्चर केलेल्या धाग्याचा प्रश्न वेगळाच आहे. तो गरम पाण्यात आकसतो आणि नळीला आवळतो. नळीने हटायचे नाकारले, तर आतले थर इतके घट्ट होतात की द्रावण त्यांतून जातच नाही. अशा धाग्यासाठी व्यासातही आकुंचन पावणारी नळी लागते. तिच्या कड्या अखंड नसून नागमोडी असतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात रंगीत सुतावर उभा राहिलेला सर्वांत ठळक व्यवसाय सोलापूरचा आहे. १८७७ साली सुरू झालेल्या 'जुन्या मिल'पासून या शहराची गिरणगाव म्हणून वाढ झाली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तेथील मागाला आकार दिला. जकार्डवर विणलेली सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. चादरीतले मोर आणि फुले छापलेली नसतात, रंगीत सुतातून विणलेली असतात. म्हणूनच एका गुंडाळीतील सुताच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांत छटाभेद असेल, तर तो चादरीत पट्टा होऊन दिसतो आणि नंतर दुरुस्त होत नाही.

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. शहराला पाणी मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून मिळते. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळून वाहणाऱ्या मीना नदीचे पाणीदेखील घोड नदीमार्गे भीमेत येऊन उजनीलाच मिळते. वरच्या अंगाची शेती आणि खालच्या अंगाची शहरे एकाच खोऱ्यावर जगत असताना रंगाईतले किलोमागचे आठ-नऊ लिटर ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालवला. तेथे अडचण पाण्याच्या तुटवड्याइतकीच सांडपाण्याची आहे. शहरांच्या मैल्याबरोबर उद्योगांचे पाणी मिसळून पंचगंगेचे जे प्रदूषण होते, तो तेथील अनेक वर्षांचा वादाचा विषय आहे.

पुनर्वापर

एकदाच वापरायची नळी पुन्हा वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण तो बहुधा महागात पडतो. दबून विसावलेली नळी मूळ लांबीला परत येत नाही. वाकड्या नळीवर भरलेली गुंडाळी एका बाजूने घट्ट होते, आणि चळतीत जुन्या-नव्या नळ्या मिसळल्या की दाब सारखा पडत नाही. वापरलेल्या नळ्या वितळवून त्यांचे प्लॅस्टिक पुन्हा वापरता येते. मात्र त्यापासून परत नळ्याच बनवायच्या असतील, तर कांबींचा ताठपणा घाणागणिक बदलतो. म्हणून अशा नळ्यांचा प्रत्येक घाणा सूत भरण्यापूर्वी दाबून तपासावा लागतो.