पडद्यावरची साक्ष : टुपाक शकूर आणि त्याच्यावरील माहितीपट

१/
२९ सप्टेंबर २०२३. अमेरिकेतील लास वेगास शहराच्या पोलिसांनी डुएन डेव्हिस ऊर्फ 'केफी डी' या ६० वर्षांच्या इसमास अटक केली. आरोप होता २७ वर्षांपूर्वीच्या खुनाचा. इतक्या जुन्या प्रकरणात हत्यार सापडले असावे, असे कोणासही वाटेल. पण पिस्तूल सापडले नव्हते, मोटारही सापडली नव्हती. आरोपीविरुद्धचा मोठा आधार होता त्याचे स्वतःचे शब्द. ते त्याने कॅमेऱ्यापुढे उच्चारले होते आणि पुस्तकातही छापले होते. ज्याचा खून झाला, तो होता रॅपर टुपाक शकूर.

२/
टुपाकवर गेल्या पंचवीसेक वर्षांत अनेक माहितीपट निघाले. काहींनी त्याचे आयुष्य सांगितले, काहींनी त्याचा मृत्यू उकलण्याचा प्रयत्न केला. माहितीपट हे इतिहासाचे साधन मानावे का, आणि मानावे तर कोणत्या कसोटीवर घासून, या प्रश्नाचा अभ्यास करण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. त्यासाठी आरंभ टुपाकपासून नव्हे, त्याच्या आईपासून करावा लागतो.

३/
अफेनी शकूर ही ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थापन झालेल्या या पक्षाचा दरारा एवढा पसरला, की १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी उभारलेल्या संघटनेने 'दलित पँथर' हे नाव घेतले. न्यूयॉर्कमध्ये पक्षाच्या २१ जणांवर बॉम्बस्फोटांच्या कटाचा खटला भरण्यात आला. अफेनी त्यांपैकी एक. कायद्याचे शिक्षण नसताना तिने स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि पक्षात घुसवलेल्या पोलिसाची उलटतपासणीही केली. त्या काळात ती गरोदर होती. १३ मे १९७१ रोजी सर्व आरोपी निर्दोष सुटले.

४/
महिन्याभराने, १६ जून १९७१ रोजी, टुपाकचा जन्म झाला. त्याला पुढे जे नाव मिळाले ते दक्षिण अमेरिकेच्या इतिहासातून आलेले होते. टुपाक अमारू दुसरा हा पेरूमधील स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणारा नेता. १७८१ साली कुस्को येथे त्याला अत्यंत क्रूरपणे ठार मारण्यात आले. पराभूत बंडखोराचे नाव आईने मुलास दिले, यातच त्या घराचे राजकारण कळते.

५/
घरात विचार होते, पैसा नव्हता. न्यूयॉर्कहून हे कुटुंब बाल्टिमोरला गेले. तेथील कलाशाळेत टुपाक नाटक, कविता आणि नृत्य शिकला. १९८८ साली मुक्काम कॅलिफोर्नियातील मरीन सिटीत हलला. याच सुमारास अफेनी व्यसनाच्या विळख्यात सापडली. त्याच वर्षी १७ वर्षांच्या टुपाकची एक दीर्घ मुलाखत चित्रित झाली. प्रसिद्धी अद्याप दूर होती. गरिबी, शिक्षण आणि समाज यांवर विलक्षण स्पष्टतेने बोलणारा तो मुलगा पुढच्या माहितीपटकारांना मोठा ठेवा ठरला.

६/
१९९१ साली पहिला अल्बम आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी त्यावर जाहीर टीका केली. चित्रपटांतही त्याला भूमिका मिळाल्या. मात्र याच काळात त्याच्यावरील गुन्हेही वाढत गेले. नोव्हेंबर १९९४ मध्ये मॅनहॅटनमधील एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत त्याच्यावर गोळीबार झाला. त्यातून तो वाचला. दुसऱ्याच दिवशी लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. तो तुरुंगात असतानाच त्याचा १९९५ चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आईच्या सोसण्याला वंदन करणारे गीत आणि एका स्त्रीवरील अत्याचाराबद्दलची शिक्षा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. चरित्रकाराची खरी परीक्षा येथेच सुरू होते.

७/
ऑक्टोबर १९९५ मध्ये 'डेथ रो रेकॉर्ड्स'चा प्रमुख शुग नाइट याने १४ लाख डॉलरच्या जामिनाची व्यवस्था केली आणि टुपाक त्या कंपनीत दाखल झाला. ७ सप्टेंबर १९९६ रोजी लास वेगासमध्ये माइक टायसनची मुष्टियुद्धाची लढत पाहून निघताना टुपाक व त्याच्या साथीदारांनी ऑर्लँडो अँडरसन या तरुणास मारहाण केली. ती हॉटेलच्या कॅमेऱ्यात टिपली गेली. काही तासांतच एका पांढऱ्या कॅडिलॅकमधून टुपाकच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. १३ सप्टेंबर रोजी तो मरण पावला. वय अवघे २५. सहा महिन्यांनी, ९ मार्च १९९७ रोजी, त्याचा प्रतिस्पर्धी नोटोरियस बी.आय.जी. हाही लॉस एंजलिसमध्ये मारला गेला.

८/
दोन खून, एकही शिक्षा नाही. ही पोकळी माहितीपटांनी भरली. २००२ साली ब्रिटिश दिग्दर्शक निक ब्रूमफील्ड यांचा 'बिगी अँड टुपाक' आला. ब्रूमफील्ड हातात ध्वनिग्राहक घेऊन स्वतःच पडद्यावर वावरतात, दारे ठोठावतात, थेट तुरुंगात जाऊन शुग नाइटपुढे उभे राहतात. या खुनांमागे नाइट आणि लॉस एंजलिस पोलीस दलातील भ्रष्ट अधिकारी असावेत, असा या चित्रपटाचा रोख होता. तो न्यायालयात कधीही सिद्ध झाला नाही. पण प्रेक्षकांच्या मनात संशय कायमचा रुजला. शोधयात्रेचे चित्रण रोमांचक असले, तरी रोमांच हा पुरावा नसतो.

९/
२००३ साली लॉरेन लाझिन दिग्दर्शित 'टुपाक : रिसरेक्शन' प्रदर्शित झाला. यात निवेदक स्वतः टुपाकच आहे. त्याच्या जुन्या मुलाखतींतील वाक्ये जुळवून, मृत माणूस आपली कथा आपणच सांगतो आहे, असा आभास निर्माण केला आहे. चित्रपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. परंतु या निवेदकास कोणी उलट प्रश्न विचारत नाही. शिवाय चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत अफेनी होती. शब्द टुपाकचे होते. त्यांची निवड आणि क्रम मात्र त्याच्या हयातीनंतर इतरांनी ठरवला.

१०/
मराठी वाचकास हा पेच अपरिचित नाही. शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे १७ वर्षांनी, जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तिथे पुत्राने पित्याचे चरित्र लिहवून घेतले. इथे मातेने पुत्राचे. सभासदाची बखर जवळच्या माणसाची म्हणून मोलाची आहे, आणि दरबाराने लिहवून घेतलेली म्हणून तपासून घ्यावी लागते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. 'रिसरेक्शन'लाही हाच न्याय लागू पडतो.

११/
मग बखर सोडून केवळ कागदांवर विसंबावे का? 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांना मान दिला. पण कागद अस्सल असावा लागतो. मार्च २००८ मध्ये 'लॉस एंजलिस टाइम्स'ने १९९४ च्या गोळीबाराविषयी मोठा वृत्तांत छापला. त्यास एफबीआयच्या अहवालांचा आधार दिला होता. काही दिवसांतच ते अहवाल बनावट असल्याचे उघड झाले. वृत्तपत्राला माफी मागून वृत्तांत मागे घ्यावा लागला. शिक्का आणि नमुना पाहून कागदावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी हा धडा होता.

१२/
आता पुन्हा केफी डी. तो ऑर्लँडो अँडरसनचा मामा. अँडरसनवर संशय होता. त्याने आरोप कायम नाकारला, आणि १९९८ साली तो एका वेगळ्या गोळीबारात मारला गेला. २००८ साली केफी डीने लॉस एंजलिसच्या पोलिसांना आपण त्या कॅडिलॅकमध्ये होतो असे सांगितले. पण हे बोलणे त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, असा करार त्याआधी झाला होता. कायद्याच्या दृष्टीने ती कबुली जणू पेटीत बंद होती. २०१८ साली मात्र त्याने दूरचित्रवाणीवरील एका माहितीपट मालिकेत तीच हकीकत सांगितली, आणि २०१९ साली आत्मचरित्रात लिहिली. या बोलण्यास कोणत्याही कराराचे कवच नव्हते.

१३/
याच कथनांमुळे थंडावलेल्या तपासाला पुन्हा चालना मिळाली आणि ग्रँड ज्यूरीने आरोप निश्चित केला. त्याने गुन्हा नाकबूल केला. बचाव पक्षाचे म्हणणे असे, की ती कथने पैशासाठी आणि करमणुकीसाठी रचलेली होती. हा युक्तिवाद खरा की खोटा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील प्रश्न ओळखावा : माणूस कॅमेऱ्यापुढे बोलतो तेव्हा आठवण सांगतो की आठवण विकतो? साक्ष देण्यात लाभ असेल, तर त्या लाभाची नोंद साक्षीशेजारीच करून ठेवावी लागते.

१४/
त्याच २०२३ साली 'डिअर मामा' ही पाच भागांची मालिका आली. तिचे दिग्दर्शक ॲलन ह्यूज यांना १९९३ साली टुपाकने आणि त्याच्या साथीदारांनी मारहाण केली होती. त्याबद्दल टुपाकला तुरुंगवासही घडला. ज्याच्यावर हात उगारला गेला, त्यानेच तीस वर्षांनी चरित्र मांडले. यात सूड नाही आणि सारवासारवही नाही. ह्यूज यांनी अर्धी मालिका अफेनीस दिली. तिचा खटला, तिची चळवळ, तिचे व्यसन, त्यातून तिचे सावरणे, हे सारे मुलाच्या कथेच्या बरोबरीने उलगडते. त्यामुळे टुपाकचा राग एका तरुणाच्या स्वभावापुरता उरत नाही. मोडून काढलेल्या एका चळवळीच्या पुढच्या पिढीचा तो राग आहे, हे प्रेक्षकास उमगते.

१५/
आधीच्या अनेक माहितीपटांची मर्यादा इथे लक्षात येते. खुनाचा शोध घेता घेता मृत्यूने आयुष्य गिळले होते. कोणी मारले, या प्रश्नाचे उत्तर कधीतरी न्यायालय देईल. तो कोण होता आणि तसा का घडला, याचे उत्तर कोणतेही न्यायालय देत नसते. ते काम इतिहासाचे आहे.

१६/
म्हणून असा कोणताही माहितीपट पाहताना चार प्रश्न हाताशी असावेत. बोलणारा कोण, आणि तो घटनेच्या किती जवळ होता? तो कधी बोलला? बोलण्यात त्याचा लाभ काय? आणि संकलनात काय गाळले गेले? बखरीला लावायच्या कसोट्या याच आहेत. साधन बदलले, कसोटी बदलली नाही.

१७/
१९७१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका गरोदर स्त्रीने पोलिसाची उलटतपासणी घेऊन त्याच्या साक्षीतील दुबळेपणा उघडा पाडला आणि आपली सुटका मिळवली. साक्ष मोठ्या आवाजात दिली म्हणून ती खरी ठरत नाही, प्रश्न विचारावेच लागतात, हे अफेनी शकूरने मुलाच्या जन्माआधीच दाखवून दिले होते. २ मे २०१६ रोजी ती गेली. मुलाच्या खुनाबद्दल झालेली पहिली अटक पाहणे तिच्या नशिबी नव्हते.