मुलांच्या अध्ययन अडचणी : तज्ज्ञांचा सल्ला कसा पारखावा?

वाचन-लेखनात मागे पडणाऱ्या मुलाविषयी पालकांना अनेकदा परस्परविरोधी मते ऐकावयास मिळतात. मूल लक्ष देत नाही, असे शाळा सांगते. वय वाढले की सारे सुरळीत होईल, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. एखादे खासगी केंद्र पहिल्याच भेटीत डिस्लेक्सियाचे निदान करून वर्षभराच्या वर्गांचे शुल्क सांगते. यांपैकी कोणाचे ऐकावे, या निर्णयावर मुलाची प्राथमिक शाळेतील मोलाची वर्षे अवलंबून असतात.

या प्रश्नाचा विचार करताना म्हैसूरचे उदाहरण उपयुक्त ठरते. वाणी व श्रवण, शिक्षक-प्रशिक्षण आणि भाषा या तिन्ही विषयांच्या राष्ट्रीय संस्था या शहरातील मानसगंगोत्री परिसरात आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेची स्थापना १९६५ मध्ये झाली. प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३ पासून, तर भारतीय भाषा संस्था १९६९ पासून कार्यरत आहे. मुलाच्या अध्ययन अडचणीचा उलगडा करण्यासाठी ही तिन्ही ज्ञानक्षेत्रे लागतात. एकाच व्यक्तीने थोड्या वेळात दिलेले ठाम मत म्हणूनच सावधपणे स्वीकारावे.

निदानापूर्वीच्या पायऱ्या

वाक् श्रवण संस्थेत श्रवणशास्त्र, वाक्-भाषा विकारशास्त्र, चिकित्सा मानसशास्त्र, कान-नाक-घसा आणि विशेष शिक्षण असे विभाग एकाच आवारात आहेत. या रचनेमागे एक तत्त्व आहे. मूल वाचत नाही, हे केवळ लक्षण होय. त्यामागे कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, भाषाविकासातील विलंब, बौद्धिक अक्षमता, अवधानाचा अभाव, शाळेतील दीर्घ अनुपस्थिती किंवा सदोष अध्यापन यांपैकी कोणतेही कारण असू शकते. ही कारणे तपासून बाजूला सारल्यानंतरच विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा निष्कर्ष काढता येतो. कान व डोळे यांची तपासणी न करता दिलेले निदान अपुरे समजावे.

वयाचाही विचार आवश्यक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाने अक्षरे उलटी लिहिणे सर्वसाधारणपणे काळजीचे नसते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करण्याची तरतूद करण्यात आली होती. बालवाडीतील मुलाविषयी कोणी छातीठोकपणे निदान करीत असेल, तर शंका घेण्यास जागा आहे. मात्र मदतीसाठी आठव्या वर्षाची वाट पाहू नये. अक्षरांचे ध्वनी, शब्दांची फोड आणि मोठ्याने वाचन यांचा अतिरिक्त सराव निदानाविनाही सुरू करता येतो.

चाचणी कोणत्या भाषेत?

म्हैसूरमधील मराठी भाषक कुटुंबातील मुलाच्या वाट्याला घरी मराठी, अंगणात कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषा येऊ शकतात. अशा मुलाची केवळ इंग्रजीत चाचणी घेतल्यास इंग्रजीचा अपुरा परिचय हाच दोष ठरविला जाण्याचा धोका असतो. उलटपक्षी, इतक्या भाषांमुळे गोंधळ होतो, असे म्हणून खरी अडचण दुर्लक्षिली जाण्याचीही शक्यता असते. अडचण एकाच भाषेत आहे की मूल शिकलेल्या सर्व भाषांत, हे पाहणे हा यावरील मार्ग होय. म्हैसूर विद्यापीठात प्रकाश पडकण्णाय आदी मानसशास्त्रज्ञांनी कन्नड व इंग्रजी एकाच वेळी शिकणाऱ्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला आहे.

लिपीमुळेही फरक पडतो. कन्नड आणि देवनागरी या लिप्यांत अक्षर व उच्चार यांचा मेळ बराच नियमित आहे. परंतु बाराखडी आणि जोडाक्षरे यांमुळे चिन्हांची संख्या मोठी आहे. कन्नड वाचनाविषयी सोनाली नाग यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की अक्षरांवर पूर्ण प्रभुत्व येण्यास मुलांना चौथ्या इयत्तेपर्यंत आणि त्यापुढेही वेळ लागतो. इंग्रजीचे निकष कन्नड वा मराठी वाचनाला जसेच्या तसे लावणे त्यामुळे योग्य नाही. या लिप्यांत केवळ चुका मोजून भागत नाही. वाचनाची गतीही पाहावी लागते.

भारतीय भाषांतील साधने आता उपलब्ध आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी भाषांसाठी तयार केला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निदानासाठी स्वीकारला. बुद्धिमापनासाठी वापरली जाणारी मलिन यांची चाचणी नागपूर येथे विकसित होऊन १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे मानदंड त्या काळातील मुलांवर आधारलेले आहेत. अहवालात आकडा आला म्हणजे तो निर्विवाद ठरतो, असे नव्हे. कोणती चाचणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या मुलांशी तुलना, हे त्यात नमूद असावे.

सल्लागाराची पात्रता

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला. त्यानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, श्रवण व वाक् तज्ज्ञ यांची नावे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असणे आवश्यक आहे. सल्लागाराकडे नोंदणी क्रमांक मागणे यात संकोचाचे कारण नाही. तपासणी करणारी आणि महागडे वर्ग विकणारी व्यक्ती एकच असेल, तर दुसरे मत अवश्य घ्यावे.

नोंदणी असली तरी प्रत्येक सल्ला ग्राह्य ठरतोच असे नाही. डिस्लेक्सिया हा प्रामुख्याने भाषेतील ध्वनी ओळखण्याशी संबंधित प्रश्न असून डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचांचे चष्मे यांच्या उपयुक्ततेस शास्त्रीय आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोग व नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे स्पष्ट केले. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे भारतीय मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनेने म्हटले आहे. डोळे बांधून वाचन शिकविण्याचा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ वर्गांविरुद्ध मंगळुरूचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी मोहीम चालविली. ठराविक दिवसांत खात्रीने बरे करण्याचे आश्वासन ही अशा दाव्यांची ठळक खूण होय.

प्रमाणपत्र आणि अध्यापन

दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून सवलती देण्यात येऊ लागल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. १९९५ च्या कायद्यात तिला स्थान नव्हते. या अधिनियमाच्या कलम १६ अन्वये अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन उपाय योजणे ही शैक्षणिक संस्थांची जबाबदारी आहे. मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०२४ मध्ये सुधारण्यात आली असल्याने अर्ज करण्यापूर्वी शासकीय रुग्णालयातून नियमांची माहिती घ्यावी.

प्रमाणपत्रामुळे अतिरिक्त वेळ अथवा लेखनिक मिळू शकतो. परंतु त्यामुळे मूल वाचू लागत नाही. त्यासाठी ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध पायरीपायरीने, नियमित व दीर्घकाळ शिकवावा लागतो. चांगला सल्ला मुलाला केवळ नाव देऊन थांबत नाही. उद्यापासून वर्गात आणि घरी काय बदलावे, हे तो सांगतो.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

• मुलाचे ऐकणे व पाहणे तपासले आहे काय?
• चाचणी मुलाच्या भाषेत आणि शिक्षणाच्या माध्यमात, अशा दोन्ही भाषांत झाली काय?
• शाळेतील वह्या पाहून शिक्षकांचे म्हणणे विचारात घेतले काय?
• मुलाची बलस्थाने अहवालात नोंदली आहेत काय?
• कोणते कौशल्य, किती वेळ आणि कोण शिकविणार?
• प्रगती केव्हा व कशी मोजणार? प्रगती न झाल्यास पुढे काय?

या प्रश्नांची उत्तरे समजेल अशा भाषेत आणि लेखी देणारा सल्लागार विश्वासास पात्र मानावा. ‘एवढ्यात सांगता येणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे प्रांजळपणे म्हणणारा तज्ज्ञ अनेकदा अधिक भरवशाचा असतो. प्रश्न विचारल्याबद्दल नाराज होणाऱ्या सल्लागाराऐवजी दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.