डेडलाइन

‘डेडलाइन’ हा शब्द मराठीत पार रुळला, पण त्याचा जन्म तुरुंगातला. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. तटाच्या आतल्या बाजूला लाकडी पट्ट्यांचं हलकंसं कुंपण. ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घालत. हीच डेडलाइन. पुढे विसाव्या शतकात अमेरिकी पत्रकारांनी हा शब्द वेळेला लावला आणि त्यातला मृत्यू विरला.

संगणकशास्त्रात तो थोडा शिल्लक आहे. ‘रिअल टाइम’ ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे अतिवेगवान, हा समज चुकीचा. तिथे मोल हमीला: अमुक काम मुदतीत होणारच. मोटारीची एअरबॅग क्षणभर उशिरा फुगली, तर फुगून काय उपयोग? म्हणून कामांची उतरंड काटेकोर; तातडीचं आलं की हातातलं बाजूला.

ही उतरंड कशी फसते, ते १९९७ साली मंगळावर दिसलं. पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामान नोंदवणाऱ्या दुय्यम कामाने एक कुलूप (सामायिक साधन एका वेळी एकाच कामाला वापरू देणारं) धरून ठेवलं होतं. फार तातडीचं एक काम त्यापायी खोळंबलं आणि कुलपाशी देणंघेणं नसलेलं मधल्या दर्जाचं काम खुशाल चालत राहिलं; तातडीच्या कामाची मुदत हुकली की यान रीसेट. (कचेरीत नोकरी केलेल्यांना नवल वाटणार नाही.) अभियंत्यांनी पृथ्वीवरून बदल पाठवला: कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचा दर्जा तात्पुरता मिळावा. ही सोय यानावरच्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत आधीपासून होती; फक्त बंद ठेवलेली होती.