तळटीप १२ : निरोप तत्काळ, यान सावकाश

१२. ‘मोर्शीला निरोप पोचला’ : कथेतले यान प्रकाशापेक्षा हळू जाते, निरोप मात्र त्याच क्षणी घरी पोचतो. विज्ञानकथेत ही सोय जुनी आहे. अर्सुला ले ग्विन यांनी १९६६च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’मध्ये अशा यंत्राला ‘अ‍ॅन्सिबल’ म्हटले. त्यांच्या जगात बोलणे तत्काळ होते, माणसांच्या प्रवासाला मात्र वर्षे लागतात. आसिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’मालेत यानेच हायपरस्पेसमधून उडी घेतात. पहिल्या पद्धतीत विरह टिकतो, दुसरीत साम्राज्य चालवता येते. प्रत्यक्षात सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे; तिथून रेडिओ संदेशाचे उत्तर यायलाच साडेआठ वर्षे लागतील. प्रकाशाहून वेगवान कणांची शक्यता बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२मध्ये मांडली. अशा ‘टॅकिऑन’ कणांचा विश्वरचनेच्या संदर्भात विचार जयंत नारळीकर आणि सुदर्शन यांनी १९७६मध्ये केला. असा कण अद्याप आढळलेला नाही. शिवाय सापेक्षतेनुसार तसा निरोप काही निरीक्षकांना पाठवण्याआधीच पोचलेला दिसेल. यानापेक्षा निरोप हलका वाटला, तरी कार्यकारणभावाचा पेच दोघांनाही सारखाच आहे. — संपा.