बाबासाहेबांचे साडेअकरा पौंड आणि आजचा व्हिसा



4 जून 1913 रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला आणि जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी. 1916 मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये, एवढे जुळले तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. बाबासाहेब बुद्धीत कुठे कमी पडले होते? अडवले ते पैशाने!

आज त्या पैशाची तपासणी व्हिसाच्या दारातच होते. 2025 च्या मध्याचे ब्रिटनचे दर पाहा. अर्जाचे शुल्क 524 पौंड. आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. लंडनमध्ये राहायचे तर महिना 1,483 प्रमाणे नऊ महिन्यांचे 13,347 पौंड, म्हणजे साधारण पंधरा लाख रुपये, शिवाय पहिल्या वर्षाची बाकी फी. ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात दिसली पाहिजे.

व्हिसा अधिकारी जात विचारत नाही. पण पिढ्यान्पिढ्या ज्यांना जमीन आणि संपत्ती नाकारली, त्यांच्या पासबुकात पंधरा लाख कुठून येणार?

याला एक वाट आहे. मायदेशाच्या सरकारने संपूर्ण खर्चाची लेखी हमी दिली, तर ही शिल्लक दाखवावी लागत नाही. म्हणजे शिष्यवृत्तीचे पत्र हीच आपली मुदतठेव. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे. तरी 2025 मध्ये निवडलेल्या 106 जणांपैकी सुरुवातीला 40 जणांनाच पत्र मिळाले. उरलेल्या 66 जणांना निधी उपलब्ध झाला तर, असे सांगण्यात आले. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात, विद्यापीठ कोणासाठी थांबत नाही.

म्हणून शिष्यवृत्तीच्या जागा वाढवा, एवढीच मागणी पुरेशी नाही. निवडीसोबतच निधी मंजूर करा आणि जूनअखेर प्रत्येकाच्या हातात पत्र द्या, ही मागणी लावून धरली पाहिजे. एका संस्थानाला 1913 मध्ये जे जमले, ते संविधानाने चालणाऱ्या सरकारला का जमू नये?